दुसऱ्या देशातल्या अर्जदाराला आपली ऑनलाइन सरकारी सेवा खरंच चालते का, हे तपासायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यातल्या एका आयटी कंपनीत आहेत, क्लायंट म्हणजे युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी अनुदान आणि कर्ज देणारं सरकारी खातं. ऑनलाइन अर्जाचं नवं व्हर्जन येतंय आणि क्लायंटने दोन आठवड्यांत ‘इंटरऑपरेबिलिटी असेसमेंट’, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या सिस्टिम एकमेकांशी जुळून काम करतात का याची तपासणी, मागितलंय. त्यांचं म्हणणं, आमचे सगळे एपीआय (दोन सिस्टिमना जोडणारे दुवे) ओपन स्टँडर्डवर आहेत, ईआयडासचं लॉगिन (एका देशाच्या इलेक्ट्रॉनिक ओळखीवर दुसऱ्या देशात लॉगिन करायची युरोपची सोय) चालतंय, मग आयमॅप्सची (सरकारी सेवेची इंटरऑपरेबिलिटी मोजायची) प्रश्नावली भरून स्कोअर दिला की झालं का, आणि चांगला स्कोअर किती धरतात?

मी युरोपातच याच कामात आहे, आधी जोडणी करणाऱ्यांच्या बाजूला होतो, आता बहुतेक वेळ दुसऱ्यांनी केलेल्या जोडण्या तपासण्यात जातो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, स्कोअरचा विषय बाजूला ठेवा. आयमॅप्स वाईट नाहीये, युरोपियन कमिशननेच काढलेलं स्वतःचं स्वतः तपासायचं साधन आहे, आपण कुठे ढिले आहोत ते त्यातून कळतं. पण ३६ पैकी ३० गुण जुळले म्हणून संसार सुखाचा होतोच असं नाही, तसंच हे. तुमचा खरा प्रश्न असा आहे: दुसऱ्या देशातली एक मुलगी अर्ज करते, तिची माहिती तिच्या देशातून तुमच्या क्लायंटच्या सिस्टिममध्ये येते, आणि तिथल्या टेबलावर बसलेला माणूस त्या माहितीच्या जोरावर निर्णय घेतो, की तिला परत मेल टाकून ‘ओरिजिनल पाठवा’ म्हणतो? हे ‘ओरिजिनल पाठवा’ जिथे सुरू होतं तिथे इंटरऑपरेबिलिटी संपते, मग मागे कितीही सुंदर एपीआय असूदेत.

आता कायद्याचं बघू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. हे असेसमेंट आलं कुठून, तर इंटरऑपरेबल युरोप कायद्यातून, म्हणजे रेग्युलेशन २०२४/९०३. तो एप्रिल २०२४ मध्ये अमलात आला आणि असेसमेंटची सक्ती १२ जानेवारी २०२५ पासून आहे. पण कायदा सॉफ्टवेअर तपासायला सांगत नाही! तो बंधनकारक अट तपासायला सांगतो. म्हणजे ‘अर्जदाराने आपल्या देशातल्या रहिवासी नोंदीचा उतारा जोडलाच पाहिजे’ किंवा ‘उत्पन्न अमुक फॉरमॅटमध्येच द्यायचं’ किंवा ‘लॉगिन अमुक पातळीचंच हवं’ अशी कुठलीही कायदेशीर, कारभाराची, अर्थाची किंवा तांत्रिक अट, जी देशांच्या सीमा ओलांडून चालणाऱ्या सरकारी डिजिटल सेवांना लागू पडते. अशी अट नवीन घालायची असेल किंवा मोठ्या प्रमाणात बदलायची असेल, तर तो निर्णय घेण्याआधी असेसमेंट करायचं, सरकारी खात्याने स्वतः करायचं, आणि रिपोर्ट अधिकृत वेबसाइटवर मशीनला वाचता येईल अशा स्वरूपात टाकायचा.

यातून तुमच्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, जबाबदारी क्लायंटची आहे, तुम्ही माल पुरवू शकता, सही त्यांची. दुसरी, जर नवीन व्हर्जनमध्ये फक्त स्क्रीन बदलल्या असतील आणि अट एकही बदलली नसेल तर कायद्याने असेसमेंट लागतच नाही कदाचित, आणि उलट अट बदलून झाली असेल, कोड लिहून झाला असेल आणि आता रिपोर्ट मागत असतील तर उशीर झालाय. हे त्यांच्या लीगलवाल्यांना आजच विचारा, लेखी विचारा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

बरं, आता तपासायचं कसं. युरोपियन इंटरऑपरेबिलिटी फ्रेमवर्क, २०१७ चं, तुम्ही वाचलं असेलच, कायदा, कारभार, अर्थ आणि तंत्र असे चार थर आहेत त्यात. आपण आयटीवाले खालून सुरू करतो कारण तिथे आपला हात बसलेला असतो. मी वरून सुरू करतो. कारण साधं आहे, तंत्राची अडचण महिन्यात सुटते, कायद्याची सुटायला संसद लागते, म्हणून ती आधी कळलेली बरी.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे फिनलंड आणि एस्टोनियाचं ई-प्रिस्क्रिप्शन. फिनलंडच्या डॉक्टरने लिहिलेलं औषध एस्टोनियातल्या दुकानात मिळायला लागलं ते २०१८-१९ च्या हिवाळ्यात. पण एका देशाचं प्रिस्क्रिप्शन दुसऱ्या देशाने मानायचं हा नियम युरोपियन युनियनच्या २०११ च्या डायरेक्टिव्हमध्ये (सदस्य देशांसाठीच्या निर्देशात) आला होता, प्रिस्क्रिप्शनवर किमान काय काय असलं पाहिजे हे २०१२ मध्ये ठरलं, आणि मग मधली वर्षं कशात गेली तर औषधाचं नाव, घटक, डोस, पॅक याचे कोड दोन्हीकडे एकाच अर्थाने वाचले जावेत यात, आणि औषध दिलं की ती नोंद परत फिनलंडला गेली पाहिजे, नाहीतर एकाच चिठ्ठीवर दोनदा औषध घेता येईल, यात. गंमत म्हणजे या दोन देशांचे एक्स-रोड, म्हणजे सरकारी डेटाची देवाणघेवाण करायच्या सिस्टिम, फेब्रुवारी २०१८ मध्येच एकमेकांना जोडले गेले होते, लोकांना वाटतं प्रिस्क्रिप्शन त्यावरून जातं, तर नाही, ते युरोपच्या आरोग्य नेटवर्कमधून, दोन्ही देशांच्या राष्ट्रीय संपर्क केंद्रांमार्फत जातं. म्हणजे तयार पाइप शेजारीच होता, तरी सेवा चालली ती नियम आणि अर्थ जुळल्यामुळे.

तुमच्या केसमध्ये कायद्याचा मुख्य आधार म्हणजे सिंगल डिजिटल गेटवे रेग्युलेशन, २०१८/१७२४. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात २१ प्रोसिजर आहेत ज्या पूर्ण ऑनलाइन झाल्या पाहिजेत, आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी अनुदान किंवा कर्जाचा अर्ज त्यात आहे, म्हणजे तुम्ही त्या कक्षेत येता. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये वन्स-ओन्ली टेक्निकल सिस्टिम आहे, डिसेंबर २०२३ पासून लागू. एका देशाने दुसऱ्याकडून पुरावा थेट मागायचा, नागरिकाला कागद गोळा करत फिरवायचं नाही, अशी कल्पना. कलम १४ नीट वाचा, तिथे चार-पाच ओळींत तुमचं अर्धं असेसमेंट आहे. पुरावा मागवायला अर्जदाराची स्पष्ट विनंती लागते. वापरण्याआधी तो तिला बघायला मिळाला पाहिजे. समोरच्या देशाने पुरावा द्यायची सक्ती तेव्हाच, जेव्हा तो देश मुळात तो पुरावा आपोआप देवाणघेवाण करता येईल अशा इलेक्ट्रॉनिक रूपात देत असेल. जे खातं अजून कागदावर शिक्का मारून देतं त्याच्यावर काहीच बंधन नाही. आणि सर्वात महत्त्वाचं, या सिस्टिममधून आलेला पुरावा मागणाऱ्या खात्याने अस्सल मानायचा आहे.

आता ही शेवटची ओळ आणि प्रत्यक्ष टेबल यात केवढं अंतर असतं ते सांगतो. एका कार्यालयात (नाव नको) मी अर्ज तपासणाऱ्या बाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. दुसऱ्या देशातून जन्माची नोंद आली, स्क्रीनवर हिरवी टिक, सही तपासलेली, सगळं व्यवस्थित. बाईंनी ती पीडीएफ उघडली, प्रिंट मारली, फाइलला लावली, आणि अर्जदाराला नेहमीचा साचेबद्ध मेल पाठवला की साक्षांकित प्रत पोस्टाने पाठवा. मी विचारलं का, तर म्हणाल्या आमच्या ऑडिटच्या परिपत्रकात ‘मूळ प्रत किंवा साक्षांकित प्रत’ असं लिहिलंय, तिसरा पर्याय नाहीये. बाईंचं काही चुकलं नव्हतं हो, परिपत्रक कोणी बदललंच नव्हतं. आर्किटेक्चरच्या डायग्राममध्ये हे कुठेच दिसत नाही. म्हणून माझा पहिला आग्रह असतो, क्लायंटकडून डिझाइन डॉक्युमेंट मागायच्या आधी अर्ज तपासणाऱ्यांची अंतर्गत परिपत्रकं, चेकलिस्ट आणि ऑडिटचे नियम मागा, आणि जमलं तर तासभर त्यांच्या शेजारी बसा. पुण्यातून असाल तर स्क्रीन शेअर करून घ्या, पण बघा.

त्याच उदाहरणात दुसरी गोष्ट लपलेली आहे, पीडीएफ. वन्स-ओन्ली सिस्टिममधून स्ट्रक्चर्ड डेटाही जाऊ शकतो आणि साधी पीडीएफही. पीडीएफ आली तरी तांत्रिक दृष्टीने ‘एक्स्चेंज यशस्वी’ अशीच नोंद होते. पण पोर्तुगीजमधली पीडीएफ वाचून पोलंडमधल्या क्लार्कने काय करायचं? त्यामुळे प्रत्येक पुराव्यासमोर लिहा, तो फील्डमध्ये येतो की चित्र म्हणून येतो. हा एक रकाना रिपोर्टमध्ये टाकलात तरी क्लायंटला बरंच काही दिसेल.

आता अर्थाचा थर, माझ्या मते तुमच्या केसमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच निघणार, कारण अनुदान म्हटलं की उत्पन्न आलं. आपल्याकडेच बघा ना, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि वडिलांचा फॉर्म १६ यावरचे आकडे जुळतात का? देश एकच, तरी. मग वेगवेगळ्या देशांत विचारूच नका. जर्मनीत बाफॉग नावाचं विद्यार्थी-साहाय्य आहे, त्यात आईवडिलांचं उत्पन्न साधारणपणे दोन वर्षांपूर्वीच्या कॅलेंडर वर्षाचं धरतात. तुमचा क्लायंट गेल्या वर्षाचं धरत असेल, तर जर्मनीतून आलेला आकडा बरोबर असूनही तुमच्यासाठी चुकीचा. ग्रॉस की नेट, एकट्याचं की कुटुंबाचं, कुटुंबात वेगळा राहणारा बाप येतो का, मुलांचा भत्ता उत्पन्नात धरतात का. फील्डचं नाव सगळीकडे ‘अ‍ॅन्युअल इन्कम’ आणि टाइप डेसिमल, व्हॅलिडेशन पास, आणि निर्णय चुकीचा. सिस्टिम पडली तर निदान कळतं, हे कळतही नाही.

रहिवासाचंही तसंच. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून मध्यवर्ती लोकसंख्या रजिस्टर आहे, प्रत्येकाचा पत्ता त्यात असतो. जर्मनीत घर बदललं की पालिकेत जाऊन नोंद करावी लागते. आयर्लंडमध्ये असं रहिवासी रजिस्टरच नाही. म्हणजे ‘रहिवासी रजिस्टरचा उतारा जोडा’ ही अट तुमच्या क्लायंटने घातली तर आयरिश अर्जदार काय जोडणार? बिल जोडणार. आणि फॉर्म म्हणणार अमान्य. ही अगदी क्लासिक बंधनकारक अट आहे, कायद्याला नेमकं हेच पकडायचंय. उपाय असा की अट पुराव्याच्या नावाने लिहू नका, काय सिद्ध व्हायला हवं ते लिहा, ‘अमुक तारखेला तिथे राहत होती हे सिद्ध व्हावं’, आणि कुठल्या देशात ते कशाने सिद्ध होतं ते मॅपिंगवर सोडा. वन्स-ओन्लीतला एव्हिडन्स ब्रोकर नेमकं याच कामासाठी आहे. आणि डेटा मॉडेल स्वतःचं काढत बसू नका, कोअर पर्सन वगैरे युरोपियन व्होकॅब्युलरी (कुठली माहिती कुठल्या नावाने आणि अर्थाने लिहायची याच्या ठरलेल्या याद्या) तयार आहेत, त्यापासून कुठे फारकत घेतलीत आणि का, तेवढं लिहा.

ओळखीबद्दल. तुम्ही म्हणता ईआयडास लॉगिन चालतंय. कोणाचं चालतंय? ईआयडासमधून सक्तीने येतात चारच गोष्टी, आडनाव, नाव, जन्मतारीख आणि एक ओळख क्रमांक. पत्ता, जन्मस्थळ, लिंग हे ऐच्छिक, आलं तर आलं. तुमच्या फॉर्मला पत्ता सक्तीचा असेल आणि तो लॉगिनमधूनच येईल असं गृहीत धरलं असेल तर काही देशांचे लोक तिथेच अडकणार. आणि ओळख क्रमांक कायमचा असतो असंही समजू नका. जर्मन कार्डावरून येतो तो टोपणक्रमांक, आणि नवीन कार्ड काढलं की तो बदलतो. म्हणजे पहिल्या वर्षी अर्ज केलेली मुलगी तिसऱ्या वर्षी नवीन कार्डाने आली की तुमच्या डेटाबेससाठी ती नवीन व्यक्ती, जुनं कर्ज एका नावावर, नवा अर्ज दुसऱ्या. हे डेमोमध्ये कधीच दिसत नाही कारण डेमोत कोणाचं कार्ड संपत नाही.

नावांचा तर वेगळा ग्रंथ होईल. ग्रीक आणि बल्गेरियन नावं मूळ लिपीत आणि लॅटिनमध्ये दोन्ही येऊ शकतात, स्पॅनिश लोकांची आडनावं दोन, बल्गेरियनांना वडिलांच्या नावावरून मधलं नाव. आणि आपली मराठी माणसंही यात आहेत बरं का, जर्मनीने फक्त राष्ट्रीय ओळखपत्र नाही, तर इलेक्ट्रॉनिक रेसिडेन्स परमिटसुद्धा ईआयडासखाली नोटिफाय केलंय (इतर देशांनी मानावं म्हणून अधिकृतपणे कळवलंय), म्हणजे म्युनिकमध्ये राहणारी आपली एखादी स्नेहल त्या कार्डावरून तुमच्या क्लायंटच्या पोर्टलवर लॉगिन करू शकते. तिच्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये ‘स्नेहल प्रकाश’, आडनाव कुलकर्णी. पुणे विद्यापीठाच्या मार्कशीटवर ‘कुलकर्णी स्नेहल प्रकाश’. लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर प्रकाशच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव तिसरंच. ‘एक्झॅक्ट मॅच’ लावलेली सिस्टिम हिला तीन बायका समजते. म्हणून टेस्ट डेटामध्ये ‘जॉन डो’ ठेवू नका, अशी मुद्दाम त्रास देणारी दहा-बारा माणसं तयार करा: दोन आडनावांची, दुसऱ्या लिपीतली, कार्ड बदललेली, आडनाव बदललेली, आणि एक अशी की जिच्या देशाच्या रजिस्टरमध्ये ती सापडतच नाही. प्रत्येकीला अर्जाच्या सुरुवातीपासून निर्णयाच्या पत्रापर्यंत न्या आणि कुठे अडली ते लिहा. माझ्या अनुभवात यातून जितकं कळतं तितकं कुठल्याच प्रश्नावलीतून कळत नाही.

एवढ्या-तेवढ्या फील्डने काय होतं असं क्लायंट म्हणाला तर त्याला २०२१ ची आठवण करून द्या. युरोपचं कोविड सर्टिफिकेट १ जुलै २०२१ पासून लागू झालं, मार्चमध्ये प्रस्ताव आणि जुलैत वापर, इतक्या लवकर जमलं कारण मागितलं अगदी मोजकं: ठरलेले थोडे फील्ड, ठरलेले कोड, आणि देशादेशांत फिरत होत्या त्या फक्त सही तपासायच्या पब्लिक की, कोणाची वैयक्तिक माहिती नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ब्रिटनने कोविशील्ड लस मान्य केली पण आपल्या कोविनच्या सर्टिफिकेटवर अडून बसले, एक मुद्दा होता जन्मतारखेचा, कारण आपल्या सर्टिफिकेटवर नुसतं वय असायचं. क्यूआर व्यवस्थित होता, डिजिटल सही होती. मग परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारखेचं सर्टिफिकेट आलं, मध्ये दोन्ही सरकारांची क्वारंटाइनवरून जुंपली, आणि ११ ऑक्टोबरपासून प्रवास मोकळा झाला. राजकारण त्यात होतंच, नाही कशाला म्हणू, पण अडायला कारण मिळालं ते एका फील्डचं.

आणि भारतातली कागदपत्रं? तुम्ही विचारलं नाहीये पण पुढे कोणीतरी विचारेलच. डिजिलॉकरमधली पदवी भारतात मूळ कागदाच्या बरोबरीची, पण तो नियम आपल्या सीमेपर्यंतच. युरोपातल्या खात्यावर ती मानायचं बंधन नाही, ईआयडास किंवा वन्स-ओन्लीमध्ये भारत नाही. तिथे बहुतेक देशांत अजून तरी अपोस्टिलचा (कागद परदेशात मानला जावा म्हणून सरकारने लावायच्या प्रमाणपत्राचा) रस्ता, भारत २००५ पासून त्या करारात आहे. म्हणजे तुमच्या क्लायंटच्या रिपोर्टमध्ये अशा अर्जदारांसाठी कागदाची वाट उघडी आहे का, एवढं एक वाक्य हवंच.

कारभाराच्या थराबद्दल फार लिहीत नाही, तिथे प्रश्न साधे आणि उत्तरं अवघड. पाठवणाऱ्या देशाची सिस्टिम शनिवारी बंद असेल आणि अर्जाची मुदत रविवारी संपत असेल तर मुदत वाढते का? आलेल्या नोंदीत चूक दिसली तर अर्जदाराने कुठे दाद मागायची, तुमच्याकडे की तिच्या देशात, आणि कुठल्या भाषेत? समोरच्याने स्कीमा (डेटाची रचना) बदलला तर तुम्हाला आधी कळतं की फुटल्यावर? प्रत्येकासमोर एका खात्याचं नाव लिहून मागा. ‘संबंधित विभाग’ असं उत्तर आलं तर तो अडथळा म्हणून रिपोर्टमध्ये टाका.

तंत्राचा थर तुम्ही माझ्यापेक्षा चांगला करालच, प्रोटोकॉल, सर्टिफिकेट, लॉग, पर्सनल डेटा लॉगमध्ये गळतोय का, वगैरे.

आता दोन आठवड्यांचं काय. पूर्ण असेसमेंट त्यात होणार नाही, तसं मॅनेजरला सांगून टाका. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्या बंधनकारक अटींची यादी करा, फॉर्ममधल्या लाल ताऱ्यांसकट, कारण प्रत्येक सक्तीचं फील्ड हे कुठल्यातरी अटीतून आलेलं असतं, आणि नसेल तर ते फील्ड तिथे का आहे हाच एक शोध. मग दोन देश निवडा, एक ज्याचं रजिस्टर पक्कं आहे आणि एक ज्याचं नाही, आणि ती त्रासदायक माणसं त्यांतून चालवा. शेवटी प्रत्येक अडथळ्यासमोर लिहा की तो कोण काढू शकतं: तुम्ही, खातं, मंत्रालय, की समोरचा देश. हा शेवटचा रकाना नसेल तर रिपोर्ट वाचून सगळे मान हलवतात आणि घरी जातात. क्लायंटला आकडाच हवा असेल तर हा मागा: परदेशातून आलेल्या अर्जांपैकी किती अर्जांचा निर्णय एकही जादा कागद न मागता झाला. बहुतेक खात्यांकडे हा आकडा नसतो, आणि तो मोजायची सोय नव्या व्हर्जनमध्ये तुम्ही करून देऊ शकता.

क्लायंटचा देश कुठला, आणि आईवडिलांचं उत्पन्न ते अर्जदाराकडून घेतात की करखात्याकडून, या दोन गोष्टी लिहिल्यात तर मला नेमकं सांगता येईल. देश संघराज्य असेल आणि हे खातं राज्य पातळीवरचं असेल तर वरचं बरंचसं बदलतं, कारण मग एकाच देशातून तुम्हाला पाच प्रकारचे पुरावे येतील.